आबांच्या अध्यक्षपदाची अडीच वर्षं

माझे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांना आम्ही आबा म्हणत असू, आणि पुढे पुढे सगळी वस्तीच त्यांना आबा म्हणायला लागली. वस्ती म्हणजे रुळांच्या पलीकडे, यार्डाला लागून असलेली पत्र्याची आणि कौलांची घरं. बहुतेक आमची बौद्धांची, आणि कडेला चार-पाच धनगरांची, मेंढरं विकून रेल्वेच्या कामाला लागलेल्यांची. गाव एका बाजूला, आम्ही एका बाजूला, मध्ये लोखंड.

बहात्तरच्या दुष्काळात आबांनी वस्तीसाठी फार केलं. ड्युटी संपली की अंघोळ न करता, तशाच काळ्या कपड्यांनी ते दुष्काळी कामाच्या मुकादमाकडे जाऊन बसायचे. आमच्या बायकांना कामावर घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. कुणाला ताप आला की सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात न्यायचे. त्यामुळे पुढच्या वर्षी वस्तीचं सुधार मंडळ निघालं तेव्हा अध्यक्ष कोण, हा प्रश्नच आला नाही. पाच वर्षांसाठी त्यांना निवडलं. दुसरं नावही कुणी घेतलं नाही.

त्या दिवशी आबा हार गळ्यात घेऊनच बोलायला उभे राहिले. मी तेव्हा शिक्षिकेचा कोर्स संपवून निकालाची वाट बघत घरीच होते. त्यांचं बोलणं मला नीट आठवतं.

"पाच वर्सं लई मोठी असत्यात," ते म्हणाले. "तवर मानूस सुस्तावतं. म्हून मी आत्ताच सांगतो. निम्मी मुदत झाली की मला असाच सगळ्यांम्होरं उभा करा आन् इचारा, काय केलंस म्हून. न्हाई पटलं, तर उतरवा खाली. माझा राग न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई बायकांत बसली होती, तिनेही वाजवल्या.

लगेच दुसऱ्या आठवड्यात बायका आमच्या दारात आल्या. सगळ्यात पुढे शेजारची मावशी. ती आईची सख्खी बहीण नव्हती, पण दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झालेली, दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नांदलेल्या. आईच्या घरात भाकरी करपली तर मावशीला वासावरून कळायचं आणि ती पलीकडूनच हसायची. तिचा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या दुरुस्तीवर होता. त्याला सगळे आप्पा म्हणत.

मावशी म्हणाली, "आबा, आमचं एकच मागनं हाय. पानी."

वस्तीत नळ नव्हता. यार्डात इंजिनांना पाणी द्यायचा उंच नळ होता, त्याच्या बुडाशी सतत गळती असायची, तिथे बायका हंडे लावायच्या. तिथे जायचं म्हणजे चार-पाच रूळ ओलांडायचे. रुळांवर मालगाडीच्या वाघिणी उभ्या असल्या, आणि त्या तास न् तास उभ्या असायच्याच, तर त्यांच्या खालून वाकून जायचं. जाताना रिकामा हंडा आधी पलीकडे सरकवायचा आणि मग आपण. येताना भरलेला. मी लहानपणापासून ते केलं होतं. वस्तीतल्या प्रत्येक मुलीने केलं होतं.

आबा म्हणाले, "नळाचं मी बघतो. अर्ज देतो. पर पाइप रुळाखालनं आनायचा, म्हंजी दोन ठिकानची परवानगी लागनार. वेळ लागंल. तवर आपन हॉल बांधू."

हॉल हे आबांचं स्वप्न होतं. वस्तीला चार भिंतींची एक जागा असावी, तिथे बुद्धाची मूर्ती असावी, संध्याकाळी मुलांना अभ्यासाला वीज असावी. मी स्वतः मॅट्रिकचा अभ्यास स्टेशनच्या दिव्याखाली बाकावर बसून केला होता, आणि दर वेळी गाडी आली की येणारे-जाणारे बघतात म्हणून आबा माझ्या शेजारी पेपर वाचत बसायचे. त्यांच्या मनात ते सलत होतं. ते म्हणायचे, "पोरं शिकली की नळ त्यांच्या मागं चालत येतील."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "शिकनाऱ्या पोरांला तहान लागत न्हाई का वं?"

आबा हसले. तिच्या बोलण्यावर ते नेहमी हसायचे. आमच्या घरात त्या दोघांच्या गप्पा संपत नसत. शेडमध्ये काय झालं, साहेब काय बोलला, कुणाच्या इंजिनाला काय झालं, सगळं तिला सांगायचे आणि ती मध्येच टोकायची. वस्तीतले लोक म्हणायचे, आबांना मत द्या, सल्ला वहिनीचा फुकट मिळतो.

हॉल उभा राहिला. पावणेदोन-दोन वर्षं गेली त्यात. दर रविवारी माणसं श्रमदानाला यायची. आबा स्वतः पाट्या उचलायचे. नळाच्या अर्जासाठी ते सुरुवातीला दोनदा जाऊन आले. मग वाळू संपली, मग पत्र्यांचं ठरेना, मग सुतार पळाला, आणि तो अर्ज मागे पडला. कुणी मुद्दाम मागे टाकला नाही. तो आपोआप मागे पडला.

हॉलचं उद्घाटन झालं तेव्हा मला शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या पुढे एका वाडीवरच्या शाळेत नोकरी लागली होती. मी दोन एसट्या बदलून आले होते. हॉल सुंदर होता. अजूनही मी ते नाकारणार नाही. खाली शहाबादी फरशी, पांढऱ्या भिंती, आणि दोन ट्यूबलाइट. पहिल्या संध्याकाळी इतकी मुलं पुस्तकं घेऊन आली की बसायला जागा पुरेना. आबा दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक मुलाला आत जागा करून देत होते. मावशीने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि कानात म्हणाली, "तुझ्या बापानं झ्याक केलं, बघ. आता एवढा नळ झाला की मी मरायला मोकळी."

माणसं बोलता बोलता असं बोलतात. तिच्या मनात तसं काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी मुलांना पाढे म्हणायला लावत होते, तेव्हा शिरूरहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. दौंडच्या गाडीवरच्या कंडक्टरने त्याच्याकडे निरोप दिला होता. "बाई, तुमच्या घराशेजारच्या कुनीतरी बाई गेल्या. तुमच्या आईनं बोलावलंय."

मावशी आदल्या दिवशी सकाळी पाण्याला गेली होती. आई तिच्या पुढे होती. आई वाघिणींच्या खालून निघून अलीकडे आली, आपला हंडा बाजूला ठेवला, आणि मागे वळून मावशीचा हंडा ओढून घ्यायला वाकली. हंडा तिच्या हातात आला. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला इंजिन जोडलं गेलं आणि सगळ्या वाघिणींना एकामागून एक धक्का बसत गेला. मी तो आवाज हजार वेळा ऐकला आहे. लांबून यायला लागतो आणि जवळ येत जातो. मावशीने तो ऐकला असेल. आईने ऐकला होता. ती "ये, ये, ये" असं ओरडली, एवढंच तिला आठवत होतं.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई घरात भिंतीला टेकून बसली होती, आणि त्या भिंतीच्या पलीकडे मावशीची दहा-बारा वर्षांची मुलगी रडत होती. आबा आप्पांजवळ बसलेले. ते तीन दिवस आप्पांजवळच बसून होते.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता, आणि आबांची निम्मी मुदत भरली.

कुणालाच त्या बैठकीची आठवण नको होती. दोन-तीन वडीलधारी माणसं घरी येऊन म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या आता. दुखवट्यात कसलं इचारायचं? आन् दिवस बी बरं न्हाईत, चार मानसं जमली तर पोलीस इचारत्यात." आणीबाणी चालू होती. सभा या शब्दालाही लोक दबकत.

आबा म्हणाले, "सभा न्हाई ती. घरच्या मानसांची बैठक. मी सबूद दिला व्हता."

मी त्या शनिवारी शाळा सुटल्यावर निघाले, न्हावऱ्याला गाडी बदलली आणि रविवारी सकाळी हॉलमध्ये बायकांच्या बाजूला जाऊन बसले. माझं राहणं आता वाडीवर, त्यामुळे मंडळाच्या मतदानात मला हात वर करता येणार नव्हता. मला नुसतं बघायचं होतं.

हॉल भरला होता. आबा मूर्तीच्या बाजूला उभे होते, खुर्ची होती तरी बसले नाहीत. मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मामांनी सुरुवात केली. ते म्हणाले, "अध्यक्षांनीच सांगितलं व्हतं म्हून इचारतो. बोला ज्याला बोलायचं त्यानं."

एक-एक जण उठला. हॉल झाला. वीज आली. पोरं पास व्हायला लागली. भांडणं कचेरीत न जाता इथंच मिटायला लागली. आबा कुणाला कधी वाईट शब्द बोलले नाहीत. सगळं खरं होतं. आबा मान खाली घालून ऐकत होते, आणि प्रत्येक कौतुकाला ते थोडे आणखी वाकत होते, असं मला वाटलं.

मग आप्पा उठले. डोक्याचे केस काढलेले, ते नुकते कुठे वाढत होते.

आप्पा म्हणाले, "माझी बायकू गेली. लोक मला येऊन सांगत्यात की नळ असता तर गेली नसती. मला म्हायती न्हाई. मी सवता गँगमधी हाय, गाड्या मी रोज बघतो, मी तिला कवा बोललो न्हाई की खालनं जाऊ नको म्हून. मंग आबांला कसा बोलू? मानूस चांगलं हाय. त्यांनीच ऱ्हावं."

आणि ते बसले. आबांनी डोळ्यांवर पंचा धरला.

मामा म्हणाले, "झालं तर मग." लोक हलायला लागले. त्या वेळी आई उठून उभी राहिली.

तिला सभेत बोलायची सवय नव्हती. घरात ती खूप बोलायची, पण पुरुषांच्या पुढे उभी राहून कधी नाही. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की मागचे "काय? काय?" विचारायला लागले.

"मला बोलायचं हाय," ती म्हणाली. "हॉल झाला, बरं झालं. माझी लेक शाळंत बाई झाली, तिलाबी असा हॉल मिळाया पायजे व्हता. पर आम्ही बाया पहिल्या आठवड्यात दारात आल्तो. आम्ही हॉल मागितला न्हाई. आम्ही पानी मागितलं. अडीच वर्सांत अध्यक्ष नळासाठी दोनदा गेलं. वाळूसाठी किती बार गेलं, ते म्या बघितलंय."

कुणीतरी म्हणालं, "वहिनी, घरी बोला की."

"घरी बोलले," आई म्हणाली. "घरी हसत्यात."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"ते वाईट हायेत असं मी म्हनत न्हाई. माझा नवरा हाय, मला म्हायती हाय ते कसं हायेत ते. पर त्यांनी इचारलं, काय केलं म्हून. तर जे मागितलं ते केलं न्हाई. ती असती तर ती उठून बोलली असती. ती न्हाई, म्हून मी बोलते."

मग मामांनी हात वर करायला सांगितलं. नेहमी घरटी एक पुरुष हात वर करायचा. त्या दिवशी मामा म्हणाले, "बायांनीबी करा." आबांनी अध्यक्ष राहावं म्हणून जवळजवळ सगळ्या पुरुषांचे हात वर झाले. त्यांत आप्पांचा हात होता. बऱ्याच बायकांचेही झाले. त्यांचं आबांवर प्रेम होतं आणि त्यांना आबांची दया आली होती. मग राहू नये म्हणून विचारलं. आईने हात वर केला. तिच्यासोबत आणखी सात-आठ बायकांनी.

आबा अध्यक्ष राहिले. त्यांनी लोकांना हात जोडले. एवढंच म्हणाले, "उतरवलं असतं तर बरं झालं असतं." आणि चपला घालून बाहेर पडले.

दुपारी ते जेवायला आले. आईने ताट वाढलं. मी मध्ये बसले होते. आबांनी विचारलं, "रागानं केलास का हात वर?"

"न्हाई."

"मंग?"

"खरं व्हतं म्हून."

आबांनी मान हलवली. "मंग बराबर हाय," ते म्हणाले, आणि जेवले. भांडण झालं नाही. मी निर्धास्त होऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेले. मला वाटलं, माझे आई-वडील फार मोठ्या मनाचे आहेत, हेही निभावून नेतील.

दुसऱ्याच दिवसापासून आबा नळाच्या मागे लागले. उरलेली सगळी रजा त्यांनी त्यात घालवली. पुण्याला चकरा मारल्या. कचेरीच्या बाकावर डबा घेऊन बसायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. पाइपासाठी खणायचं ठरलं तेव्हा पहिली कुदळ त्यांनी मारली आणि शेवटपर्यंत खणत राहिले. त्यांना खोकला लागला होता. शेडमधल्या पुष्कळांना तो असायचा. आई म्हणायची, "जरा दम खावा." ते ऐकून घ्यायचे आणि खणत राहायचे.

पावसाळा संपता संपता नळ आला. मी सुट्टीत घरी होते. वस्ती सगळी जमली होती. लोकांनी आबांसाठी हार आणला होता. आबांनी तो घेतला नाही. ते आप्पांच्या मुलीला पुढे घेऊन आले आणि चावी तिला सोडायला सांगितली. तिला ती फिरेना, हात घसरत होता, मग आबांनी तिच्या हातावर हात ठेवून फिरवली. पाणी आधी गढूळ आलं, मग फुसफुसलं, मग स्वच्छ झालं. बायका ओरडल्या. मी आईकडे बघितलं. ती आमच्या उंबऱ्यात उभी होती. सगळ्या बायकांनी हंडे भरले, तरी ती पुढे आली नाही. गर्दी ओसरल्यावर गेली, भरून आणलं आणि आबांना तांब्याभर दिलं. आबा प्यायले. रिकामा तांब्या त्यांनी तिच्या हातात परत दिला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात गप्पा राहिल्या नव्हत्या. आबा शेडमधून यायचे, हात-पाय धुवायचे, आणि बसायचे. आई विचारायची, "आज काय?" ते म्हणायचे, "काय न्हाई, रोजचंच." रागाचं काही नव्हतं. दोघंही एकमेकांशी नीट वागायची, फार नीट, पाहुण्यांशी वागावं तशी. तिचं बोलणं त्यांना इतकं पटलं होतं की त्यानंतर तिच्यापुढे सहज काही बोलायला ते धजत नसावेत. की आणखी काही होतं? मी मुलगी होते, मला विचारता आलं नाही.

पाच वर्षं पुरी झाली. लोक पुन्हा आबांकडेच आले. त्यांनी नको म्हटलं. एका तरुण माणसाला निवडलं, तो रेल्वेत क्लार्क होता, बोलायला हुशार. त्याच हिवाळ्यात आबा अंथरुणाला लागले. छातीचं दुखणं होतं, शेडच्या धुराचं असावं असं डॉक्टर म्हणाले. मी रजा काढून आले. आई रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. पाठ चोळून द्यायची, शेक द्यायची. एकदा मला वाटलं आबा तिला काही विचारणार आहेत. त्यांनी तिचं मनगट धरलं, तोंड उघडलं, आणि खोकल्याची उबळ आली. उबळ गेल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. चार-पाच दिवसांत ते गेले.

शोकसभा हॉलमध्येच झाली. नवा अध्यक्ष छान बोलला. दुष्काळ, हॉल, नळ, सगळं आलं. आप्पा उठले, ते नुसते हुंदके देत उभे राहिले आणि त्यांच्या मुलीने त्यांना खाली बसवलं. मग अध्यक्ष आईला म्हणाला, "आई, तुम्ही दोन शब्द बोला." आईने मानेनेच नको म्हटलं.

मला शाळेजवळ क्वार्टर मिळाल्यावर मी तिला माझ्याकडे वाडीवर घेऊन आले. तिला तिथे करमत नव्हतं. गाड्यांचा आवाज नाही म्हणून झोप लागत नाही म्हणायची. एका दुपारी ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती आणि मी मुलांच्या पाट्या तपासत होते. गावात निवडणुकीचं काहीतरी चाललं होतं, सरपंचाने काय केलं आणि काय नाही यावर पारावर माणसं तावातावाने बोलत होती. ते आमच्यापर्यंत ऐकू येत होतं.

आई अचानक म्हणाली, "निम्म्या मुदतीचं त्यांनी इचारलं, म्या सांगितलं. त्याच्या फुडच्या अडीच वर्सांचं त्यांनी कवा इचारलंच न्हाई."

मी पाटी खाली ठेवली.

"तू काय सांगितलं असतंस?"

"सांगितलं असतं की, झ्याक केलंत. मला वाटायचं, आज इचारतील, उद्या इचारतील. ते पयलं हसून इचारायचं, तसं. मी वाट बघायची."

"मग तूच का नाही सांगितलंस?"

तिने शेंगा फोडणं थांबवलं. मला वाटलं आता रडेल, पण रडली नाही.

"मला वाटलं, त्यांला कळलं आसंल," ती म्हणाली. "नळ तर समोरच व्हता."

मग तिने सूप पुढे ओढलं आणि टरफलं पाखडायला लागली. पारावरची माणसं अजून बोलतच होती.